'ए' अक्षरापाशी थांबलेली इंग्रजी

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळत उभे राहिले, की एक पुस्तक हमखास हाती लागते : नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी'. कव्हर कधी असते, कधी नसते. आत मात्र बहुधा एकच दृश्य. पहिल्या तीस-चाळीस पानांवर गाळलेल्या जागा पेन्सिलीने भरलेल्या, समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ, 'इगोइस्ट'खाली दोन रेघा, 'मिसँथ्रोप'पुढे 'माणूसघाणा'. मग रेघा विरळ होत जातात आणि पुढची शेकडो पाने कोरी करकरीत. शेजारी परदेशी उच्चशिक्षणासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेचे जाडजूड 'बॅरन्स' गाइड पडलेले असले, तर त्याचीही हीच गत. अबेस, अबॅश, अबेट यांचे अर्थ लिहिलेले. 'सी' संपेपर्यंत उत्साह टिकलेला. 'डी'मध्ये कुठेतरी पेन्सिल हरवलेली. आपल्याकडच्या कित्येक होतकरू मुलामुलींना 'ए'पासून सुरू होणारे अवघड शब्दच जास्त येतात, ते बहुधा यामुळेच.

लुईस यांचे पुस्तक फक्त परदेशी जाणारे घेत नाहीत. बँकेच्या परीक्षा, स्टाफ सिलेक्शन, सीडीएस, कॅट अशा सगळ्या वाटांवर ते भेटते. 'माझं व्होकॅब कच्चं आहे' हे वाक्य अभ्यासिकांमधून इतक्या वेळा ऐकू येते, की तो एखादा आजार असावा आणि लुईस हे त्याचे औषध, असे वाटावे. कच्चे नेमके काय आहे, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही. अवघड शब्द येत नाहीत म्हणजे इंग्रजी येत नाही, हे आपण गृहीतच धरले आहे.

हे गृहीतक आपले नव्हे, अमेरिकेतून आलेले आहे. त्याचा उगम बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगता येतो.

१९२२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात जॉन्सन ओकॉनर नावाचा माणूस कोणत्या कामगाराला कोणते काम जमेल, हे शोधण्यासाठी चाचण्या तयार करू लागला. बोटांची चपळाई, आकारांची जाण असे बरेच काही तो मोजत असे. त्यात शब्दसंग्रहाचीही चाचणी होती. मोठ्या हुद्द्यावरच्या लोकांना या चाचणीत इतरांपेक्षा जास्त गुण मिळतात, असे त्याला आढळले. फेब्रुवारी १९३४च्या 'अटलांटिक मंथली'त त्याचा 'व्होकॅब्युलरी अँड सक्सेस' हा लेख आला आणि मध्यमवर्गीय अमेरिकेच्या कानात एक मंत्र पडला : शब्द वाढवा, पगार वाढेल. साहेबाचे शब्द जास्त असतात म्हणून तो साहेब होतो, की तो चांगल्या शाळेत शिकला, पुस्तकांच्या घरात वाढला म्हणून दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला आल्या, या प्रश्नात बाजाराला रस नव्हता. १९४२ मध्ये विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुईस यांचे तीस दिवसांत शब्दसामर्थ्य वाढवून देणारे पुस्तक आले. जानेवारी १९४५ पासून फंक यांचे शब्दसामर्थ्याचे सदर 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये सुरू झाले. त्याच्या नावातच शब्द वाढवणे 'पेज', म्हणजे परवडते, असे होते. १९४९ मध्ये लुईस यांचे स्वतंत्र पुस्तक आले. डायजेस्टची भारतीय आवृत्ती १९५४ मध्ये निघाली आणि आपल्याकडच्या दवाखान्यांच्या, वकिलांच्या, रेल्वे क्वार्टरच्या बैठकीच्या खोल्यांतून हे सदर पोचले. चार पर्यायांतून अर्थ ओळखायचा आणि मग मागचे पान उलटून गुण मोजायचे. एका पिढीची रविवारची करमणूक होती ती.

लुईस यांच्याविषयी वाकडे बोलायचे कारण नाही. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला आणि पुढे कॅलिफोर्नियात शिकवणारा हा हाडाचा शिक्षक. त्याने यादी दिली नाही, शब्दांची कुटुंबे दिली. माणसांचे स्वभाव, डॉक्टरांचे प्रकार, खोटारड्यांच्या जाती, अशा विषयांभोवती प्रकरणे बांधली, प्रत्येक शब्दाचे लॅटिन किंवा ग्रीक मूळ सांगितले, मोठ्याने उच्चारायला लावले, पुन्हा पुन्हा आठवायला लावले. पण त्याच्यासमोरचा वाचक इंग्रजीतच जन्मलेला होता. त्या वाचकाला रोजची इंग्रजी येत होती आणि वर चार दागिने हवे होते. आपण दागिन्यांचे पुस्तक घेतले आणि अंगभर कपडे त्यातच मिळतील, अशी अपेक्षा ठेवली.

परीक्षेने यात भर घातली. जीआरईच्या जुन्या पेपरात विरुद्धार्थी शब्दांचा प्रश्न असे. मोठ्या अक्षरात एकच शब्द, खाली पाच पर्याय, संदर्भ म्हणून एक वाक्यसुद्धा नाही. शब्द माहीत असला तर गुण, नसला तर देवाचे नाव. अशा प्रश्नाला यादी हेच उत्तर होते आणि बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी म्हणून तर प्रसिद्ध झाली. ऑगस्ट २०११ मध्ये जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने परीक्षा बदलली. विरुद्धार्थी शब्द गेले, अॅनॉलॉजी गेल्या, वाक्यातली रिकामी जागा संदर्भाने भरण्याच्या प्रश्नांवर भर आला. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी होणाऱ्या सॅटमधून अॅनॉलॉजी २००५ मध्येच गेल्या होत्या. परीक्षा बदलली, वर्डलिस्ट मात्र राहिली. आता ती मोबाइलवर आली आहे, एवढाच फरक.

यादी अक्षरक्रमाने असणे, हीच तिची सर्वांत मोठी खोड. अबेस, अबॅश, अबेट हे तीन शब्द एका सकाळी पाठ केले, तर संध्याकाळी त्यांची खिचडी होते. दिसायला-ऐकायला सारख्या शब्दांच्या या गोंधळावर इस्रायलच्या भाषाभ्यासक बाटिया लाउफर यांनी बरेच लिहिले आहे. अशा जोड्यांना त्या 'सिनफॉर्म' म्हणतात. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकल्यानेही तोटा होतो. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वेअरिंग यांनी जपानी विद्यार्थ्यांवर १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत एकाच गटातले शब्द एकदम शिकणारे मागे पडले, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द शिकणारे पुढे गेले. 'बडबड्या' या अर्थाचे सात शब्द एका पानावर देणारी क्लासची चकचकीत पुस्तिका म्हणूनच दिसायला व्यवस्थित आणि शिकायला कठीण असते.

मग किती शब्द लागतात? न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये याचा हिशोब मांडला. त्यांनी शब्द मोजले ते कुटुंबाने, म्हणजे डिसाइड, डिसायडेड, डिसायडिंग हे सगळे एका घरात. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार कुटुंबे लागतात. संभाषण, सिनेमा समजायला सहा-सात हजार. यातली पहिली एक हजार कुटुंबेच कोणत्याही मजकुराचा सुमारे चार पंचमांश भाग व्यापतात. ती शाळेत येऊन जातात. खरा खड्डा आहे तो तीन हजार ते नऊ हजारांच्या मध्ये. रिलक्टंट, थरो, सटल, ग्रिम, व्हेग, डिलिबरेट, कन्सीड. हे शब्द वर्डलिस्टच्या मानाने फार साधे आणि पाठ्यपुस्तकाच्या मानाने फार पुढचे, त्यामुळे ते शिकवण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. 'पुसिलॅनिमस' म्हणजे भित्रा हे पाठ असलेला मुलगा अग्रलेखात 'द गव्हर्नमेंट वॉज रिलक्टंट' वाचून अडखळतो, तो इथे. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे दुर्मीळ शब्द, ही समजूत इथेच सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठीय लिखाणासाठीही अशीच एक वेगळी पेटी आहे. वेलिंग्टनच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची अकॅडेमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली. अॅनालाइझ, कन्सेप्ट, डिराइव्ह, सिग्निफिकंट असे शब्द. कोणत्याही विषयाच्या विद्यापीठीय मजकुरात दर दहा शब्दांमागे साधारण एक यातला असतो. मराठी माध्यमातून विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत गेलेल्या मुलाची पहिल्या वर्षी जी दमछाक होते, ती बहुतेक या ५७० घरांशी ओळख नसल्यामुळे. पारिभाषिक शब्द प्राध्यापक फळ्यावर समजावतात. 'व्हेअरअॅज' आणि 'सब्सिक्वेंट' कोणी समजावत नाही.

याद्यांच्या या इतिहासात एक माणूस आपल्या उपखंडात काम केलेला आहे आणि त्याच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. मायकेल वेस्ट इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधून आले आणि ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि मधेच शाळा सुटली की हातात काहीच उरत नाही, हे त्यांनी पाहिले. १९२६ मध्ये 'बायलिंग्वॅलिझम' हा अहवाल लिहिताना त्यांनी यासाठी विम्यातला शब्द वापरला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी अर्धवट सोडली तरी काही रक्कम परत मिळते, तसे इंग्रजीचा अभ्यास अर्धवट सुटला तर मुलाच्या पदरात काय पडते? एलआयसीचे हप्ते भरणाऱ्या घरांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. वेस्ट यांचे उत्तर असे, की शिकवायचे ते वाचन आणि शब्द निवडायचे ते वारंवार भेटणारे. तेव्हाच्या वाचनमालांत दुर्मीळ साहित्यिक शब्द एकदा डोकावत आणि कायमचे नाहीसे होत. वेस्ट यांनी ते काढून साधे शब्द घातले आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतील अशी 'न्यू मेथड' वाचनमाला तयार केली. १९३५ मध्ये त्यांनी जे. जी. एंडिकॉट यांच्यासह शब्दकोश काढला. त्यात २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले आहेत. १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली. पुढच्या याद्या याच पायावर उभ्या राहिल्या, कॉक्सहेड यांची तर उघडच. ढाक्याच्या वर्गात सुचलेली ही गोष्ट जगभर गेली आणि आपण मात्र ब्रुकलिनची वाट धरली.

शब्द माहीत असणे आणि तो वापरता येणे, यांतले अंतर मराठीत आपल्याला जाणवतही नाही. भूक लागते, पाऊस पडतो, शपथ घेतात, दिवा मालवतात. 'भूक पडली' असे कोणी म्हणाले तर आपण हसतो. व्याकरण तिथे चुकलेले नसते, सोबत चुकलेली असते. इंग्रजीतही निर्णय 'मेक' करतात, गुन्हा 'कमिट' करतात, पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग'. हॅरल्ड पामर यांनी जपानमध्ये शिकवताना अशा जोड्या गोळा करून १९३३ मध्ये त्यांचा अहवाल काढला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपला म्हणून बाजारात आणला. आज ज्याला आपण 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणतो, तो हाच. परकी मुले कुठे अडखळतात ते वर्गात पाहिलेल्या शिक्षकाने तो रचला, म्हणूनच त्यात शब्दाचा अर्थ एक ओळ घेतो आणि त्याचा वापर दहा ओळी.

आपल्याकडे याच कामाचे एक जुने साधन होते. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत वाक्ये, पानेच्या पाने. तिची वाक्ये कधीकधी फार विनोदी वाटतात आणि तिने बोलायला शिकवले नाही, ही तक्रारही खरी. पण तिच्यात शब्द एकटा कधीच भेटत नसे. तो क्रियापदासह, शब्दयोगी अव्ययासह, पुऱ्या वाक्यात भेटत असे. आजोबांच्या पत्रांतली इंग्रजी जुनाट असली तरी तिच्यात 'ऑन' आणि 'अॅट' आपापल्या जागी असत, याचे श्रेय पाठमालेला द्यायलाच हवे.

मराठी माणसाच्या हाती आणखी एक भांडवल आहे आणि ते जवळजवळ बिनव्याजी पडून आहे. लुईस आपल्या अमेरिकन वाचकाला ग्रीक-लॅटिन धातू पहिल्यापासून शिकवतो. आपल्याला त्यांची चुलत भावंडे संस्कृतातून आधीच माहीत असतात. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने या नात्याकडे जगाचे लक्ष वेधले, हे आपण इतिहासात शिकतो आणि इंग्रजीच्या तासाला विसरतो. ऑक्टोपस म्हणजे अक्षरशः अष्टपाद. 'ऑक्टो' आणि 'अष्ट', 'पूस' आणि 'पाद' ही एकाच घरातली. ऑर्थोडॉन्टिस्टमधला 'ओडोंट' म्हणजे दंत. अॅनॉनिमस म्हणजे अ-नाम : ग्रीक नकारार्थी 'अन्' आपलाच, आणि 'ओनिमा' हे 'नाम'चे नातेवाईक. अॅग्नॉस्टिकमध्ये 'अ' आणि 'ज्ञ' समोरच उभे आहेत. मराठीत त्याला अज्ञेयवादी म्हणतो तेव्हा आपण तीच जुनी सामग्री पुन्हा वापरत असतो. भूमितीतली परिमिती आणि पेरिमीटर यांत 'परि' आणि 'पेरी' सख्खे आहेत. डिस्पेप्सिया हा तर नमुनाच : 'डिस्' म्हणजे आपला 'दुस्', आणि 'पेप्सिस'मध्ये लपलेला धातू म्हणजे 'पच्'. पचायला वाईट! डिस्लेक्सिया, डिस्फंक्शन, डिस्टोपिया ही सगळी रांग मग दुष्काळ आणि दुर्गंधाच्या शेजारी जाऊन बसते. 'इंटर' म्हणजे अंतर्, 'प्रो' म्हणजे प्र, 'हायपर' म्हणजे उपरि, 'हायपो' म्हणजे उप. उच्च रक्तदाबाचा हायपर आणि कमी साखरेचा हायपो यांत गल्लत करणाऱ्या घरांनी एवढे लक्षात ठेवले तरी डॉक्टरांचे काम हलके होईल.

अर्थात ही वाट फसवीही आहे. 'डे' आणि 'दिवस' यांचा सुरुवातीचा 'द' पाहून कोणीही नाते जोडेल, पण ते दोन शब्द वेगवेगळ्या मुळांचे. त्यातून मूळ कळले म्हणजे आजचा अर्थ कळला, असेही नाही. धातू हे शब्द अडकवायचे खुंटे आहेत, अर्थाचा पुरावा नव्हेत. मराठी शाळांत उपसर्ग आणि प्रत्यय व्याकरणाच्या तासाला शिकवतात, प्रीफिक्स आणि सफिक्स इंग्रजीच्या तासाला, आणि दोन्ही शिक्षक शिक्षकखोलीत शेजारी बसून डबा खातात. त्या दोन तासांची गाठ घालून द्यायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

पाठांतराला नावे ठेवण्याची आता फॅशन आहे, ती मला मान्य नाही. काही शब्द पाठच करावे लागतात. प्रश्न आहे तो कसे, याचा. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला प्रयोग असा : विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या चाळीस जोड्या शिकवल्या. एकदा आलेल्या जोड्यांवर ज्यांची पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ऐंशी टक्के आठवले. ज्यांच्या परीक्षेतून त्या जोड्या वगळल्या, पण वाचन चालू ठेवले, त्यांचा आकडा छत्तीसच्या आसपास अडकला. म्हणजे यादी दहा वेळा वाचण्यापेक्षा ती झाकून आठवणे महत्त्वाचे. झेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये यासाठी खणांच्या खोक्याची युक्ती सांगितली : आलेल्या शब्दाचे कार्ड पुढच्या खणात, चुकलेले पुन्हा पहिल्यात, पुढचा खण उशिरा उघडायचा. २००६ मध्ये डेमियन एल्म्स यांनी सुरू केलेले अँकी हे मोफत सॉफ्टवेअर तेच काम संगणकावर करते. आणि आठवायला आधार म्हणून मराठीच वापरावी. स्टॅनफर्डमध्ये अॅटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की परक्या शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा ओळखीचा शब्द आणि एक चित्र जोडले तर तो जास्त टिकतो. 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या. डोळ्यांपुढे गारुडी आणावा, जो नाग बाहेर काढायच्या आधी तासभर बोलतो. व्युत्पत्तीशी याचा काडीचा संबंध नाही. पण काम होते.

सर्वांत जास्त शब्द मात्र वाचनातून येतात, आणि तेही हळू. अर्थासाठी वाचताना एखादा अनोळखी शब्द एकदा भेटला तर तो लक्षात राहण्याची शक्यता फार थोडी. पुष्कळ पाने उलटली तरच हा थेंब थेंब साठतो. इथे आपल्याकडच्या एका लोकप्रिय सल्ल्याशी माझे भांडण आहे. 'रोज हिंदूचा अग्रलेख वाचा आणि शब्द उतरवून घ्या.' ज्याला पानातले पंधरा शब्द अडतात, त्याला अग्रलेख म्हणजे शिक्षा आहे. तो वाचत नाही, उत्खनन करतो. त्याने आर. के. नारायण वाचावे, रस्किन बाँड वाचावे, क्रिकेटचे पान वाचावे, जिथे पुढे काय झाले या ओढीने पान उलटते. अग्रलेख दोन वर्षांनी आपोआप सोपा होतो.

अवघड शब्दांच्या मोहाला आपल्याकडे लोकाश्रयही मोठा आहे. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी एका ट्वीटमध्ये 'फरागो' वापरला आणि देशभर लोक शब्दकोश उघडून बसले. २०२० मध्ये त्यांचे ५३ शब्दांवरचे 'थरूरोसॉरस' आले. ती गंमत आहे आणि त्यांना ती शोभते, कारण पहिली नऊ हजार कुटुंबे त्यांच्या खिशात आहेत. आपला विद्यार्थी मात्र परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या निवेदनात 'प्लेथोरा' आणि 'मिरिअड' एकाच वाक्यात घालतो. डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मजकुरातले साधे शब्द बदलून विनाकारण जड शब्द घातले, तेव्हा वाचकांना लेखक कमी हुशार वाटला. या संशोधनाला त्याच वर्षी साहित्याचे इग्नोबेल मिळाले, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली; त्याआधी ती पाचवीत भेटायची. वर्षे वाढली, वाचायचा मजकूर मात्र पाठ्यपुस्तकाएवढाच राहिला. फिजीमधल्या ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी याउलट केले. चौथी-पाचवीच्या वर्गांत गोष्टींची अडीचशेच्या आसपास इंग्रजी पुस्तके ठेवली आणि मुलांना वाचू दिले किंवा शिक्षकाने त्यांच्यासोबत वाचली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या वर्गांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झालेली दिसली. मुलांच्या घरी इंग्रजी नव्हती. त्यांच्यातली बरीच भारतीय वंशाची होती. अडीचशे पातळ पुस्तके एका लोखंडी कपाटात मावतात. असे कपाट आपल्या बहुतेक शाळांत आहे. पुस्तक हरवले तर भरपाई कोणाच्या पगारातून, या धाकाने त्याला कुलूप असते, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्या बाई बहुधा जनगणनेच्या नाहीतर निवडणुकीच्या कामावर गेलेल्या असतात.